मुंबई–पुणे : अंतर, उड्डाणवेळ आणि प्रत्यक्ष प्रवासकाळ

प्रस्तावना

दोन शहरांतील अंतर किती, हा प्रश्न वरवर पाहता शालेय भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील वाटतो. मुंबई आणि पुणे या शहरांच्या बाबतीत मात्र या साध्या प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे मिळतात आणि ती सर्व आपापल्या परीने बरोबर असतात. रेल्वेच्या हिशेबाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे स्थानक हे अंतर १९२ कि.मी. आहे. मोटारीने, शहरातील कोणत्या भागातून निघावे यानुसार, ते १५० कि.मी.च्या आसपास भरते. नकाशावर पट्टी ठेवून मोजल्यास हीच दोन स्थानके परस्परांपासून जेमतेम ११९ कि.मी. दूर आहेत. वेळेची गतही याहून निराळी नाही. विमानाच्या वेगाने भागाकार केला तर उत्तर दहा मिनिटांच्या आत येते; विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात पाऊण तास ते एक तास छापलेला आढळतो; आणि दादरच्या घरातून निघून शिवाजीनगरच्या घरी पोहोचणाऱ्या प्रवाशाच्या घड्याळात साडेतीन तास उलटून गेलेले असतात.

हा केवळ कुतूहलाचा विषय नाही. पूल, बोगदे, नवे रेल्वेमार्ग, विमानतळ आणि त्यांसाठी होणारे भूसंपादन या सर्वांचे समर्थन जनतेसमोर मांडताना ‘अमुक मिनिटांत पोहोचा’ हा एकच आकडा पुढे केला जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासन आणि हायपरलूप तंत्रज्ञानावर काम करणारी एक अमेरिकन कंपनी यांच्यात मुंबई–पुणे मार्गासाठी करार झाला, तेव्हा वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘पंचवीस मिनिटे’ हेच शब्द होते. तो प्रकल्प प्रत्यक्षात उतरला नाही आणि २०२३ च्या अखेरीस त्या कंपनीने आपले कामकाजच गुंडाळले. ती पंचवीस मिनिटे नेमक्या कोणत्या दोन बिंदूंमधली होती, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नव्हता. प्रस्तुत लेखात मुंबई–पुणे हे उदाहरण घेऊन अंतर व वेळ यांच्या निरनिराळ्या मोजपट्ट्यांचा परस्परसंबंध उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

अंतर म्हणजे कोणते अंतर?

पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्‌वृत्ताचा कंस. शंभर-सव्वाशे कि.मी.च्या टप्प्यात हा कंस आणि सरळ रेषा यांत व्यवहारतः भेद उरत नाही. मुंबईचा सांताक्रूझ–सहार येथील विमानतळ आणि पुण्याचा लोहगाव विमानतळ यांच्या अक्षांश-रेखांशांवरून हे अंतर सुमारे १२४ कि.मी. येते. वैमानिकाच्या भाषेत ते ६७ नाविक मैल होते. एक नाविक मैल म्हणजे १.८५२ कि.मी.; हे एकक अक्षांशाच्या एका कलेवरून ठरले असल्यामुळे जलवाहतूक आणि हवाई वाहतूक या दोहोंत तेच रूढ आहे.

प्रत्यक्ष मार्गाची लांबी भागिले सरळ अंतर या गुणोत्तराला परिवहन भूगोलात महत्त्व आहे. त्याला वळसा निर्देशांक म्हणता येईल. मुंबई–पुणे रेल्वेमार्गासाठी तो १.६ इतका येतो. म्हणजे सरळ रेषेतील प्रत्येक दहा कि.मी.साठी गाडीला सोळा कि.मी. धावावे लागते. रस्त्यासाठी तो १.२५ च्या घरात आहे. रेल्वेचा वळसा एवढा मोठा का, याचे उत्तर नकाशात स्पष्ट दिसते. मुंबई हे मुळात बेटांचे शहर. त्याच्या पूर्वेस बंदर आणि ठाण्याची खाडी. पुणे आग्नेयेस असूनही रेल्वे बोरीबंदरहून निघते ती ईशान्येकडे. १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झालेला बोरीबंदर–ठाणे हा ३४ कि.मी.चा मार्ग पुढे कल्याणपर्यंत नेण्यात आला आणि तेथून पुण्याकडील फाटा दक्षिणेस वळला. कल्याण हे बोरीबंदरच्या अक्षांशापासून सुमारे ३३ कि.मी. उत्तरेस आहे. पुण्याला जाणारा प्रवासी पहिला तासभर पुण्याच्या दिशेने जातच नाही, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

रस्त्याने ही अडचण खाडीवर पूल बांधून सोडवली. वाशीचा पहिला पूल १९७३ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि पनवेलकडे जाण्यासाठी ठाण्याला घालावा लागणारा फेरा टळला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा हा २१.८ कि.मी. लांबीचा सागरी सेतू सुरू झाल्यावर दक्षिण मुंबईतून निघणाऱ्या वाहनाची वाट सरळ रेषेच्या आणखी जवळ आली.

घाटाची किंमत

खाडी हा एक अडथळा. दुसरा आणि अधिक अवघड अडथळा सह्याद्रीचा. कर्जत समुद्रसपाटीच्या जवळ, तर लोणावळा सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना १८३० मध्ये बोरघाटातून चाकांच्या वाहनांसाठी रस्ता खुला झाला. त्यापूर्वी माल बैलांच्या पाठीवरून आणि माणसे पायी, घोड्यावर किंवा पालखीतून घाट चढत असत. रेल्वेच्या आरंभीच्या काळातही ही स्थिती पूर्णतः पालटली नव्हती. १८५६ मध्ये रेल्वे घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये वरच्या अंगाला खंडाळा–पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडीनेच पार करावा लागे. एका प्रवासात आगगाडी, मग पालखी आणि पुन्हा आगगाडी असा हा क्रम पाच वर्षे चालला. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पूर्ण झाला. त्याच्या उभारणीत रोगराई व अपघातांनी हजारो मजूर दगावले. मुंबई–पुणे ‘अंतर’ कमी झाले ते अशी किंमत मोजून. या मजुरांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

या लोहमार्गाचा सर्वाधिक तीव्र चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर उंच चढते. मोटारीच्या दृष्टीने हा चढ किरकोळ. पोलादी रुळावर फिरणाऱ्या पोलादी चाकासाठी तो मोठा आहे. म्हणूनच कर्जतला गाडीच्या मागे जोडइंजिने लावण्याची पद्धत पडली आणि त्यात काही मिनिटे खर्ची पडतात. कर्जत ते लोणावळा हे सरळ अंतर जवळपास २० कि.मी. असताना लोहमार्ग २८ कि.मी.चा आहे, कारण तेवढी उंची चढण्यासाठी तेवढी लांबी आवश्यकच असते. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत या दोन गाड्यांमध्ये तंत्रज्ञानाचे जवळजवळ एक शतक आहे. परंतु मुंबई–पुणे या टप्प्यात दोघींनाही तीन तासांच्या आसपासच वेळ लागतो. ताशी १६० कि.मी. धावू शकणाऱ्या गाडीला एका बाजूला उपनगरी वाहतुकीची गर्दी आणि दुसऱ्या बाजूला घाट असेल, तर तिचा वेग कागदावरच राहतो.

रस्त्याची कथा थोडक्यात सांगता येईल. कळंबोली ते किवळे हा ९४.५ कि.मी.चा द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्णपणे वापरात आला आणि मोटारप्रवास तीन तासांच्या आत आणणे शक्य झाले. या महामार्गाचाही कच्चा दुवा घाटातच आहे. खोपोली ते कुसगाव दरम्यान बोगदे व पूल यांद्वारे सुमारे १३ कि.मी.चा पर्यायी मार्ग आखण्यात आला, तो याच भागासाठी. त्यामुळे वाचणारे अंतर सुमारे सहा कि.मी. आणि वेळ वीस ते पंचवीस मिनिटे. सहा कि.मी.साठी वीस मिनिटे, हे प्रमाणच घाटाची किंमत सांगून जाते.

उड्डाणवेळ : आकाशातील आणि वेळापत्रकातील

विमानाला खाडीही नाही आणि घाटही नाही. मग १२४ कि.मी.ला किती वेळ लागावा? प्रवासी जेट विमानाचा समतल उड्डाणातील वेग ताशी ८३० ते ८५० कि.मी. असतो. या वेगाने हे अंतर नऊ मिनिटांत कापले जावे. या नऊ मिनिटांत चूक गणिताची नाही, गृहीतकाची आहे.

जेट विमान आपला पूर्ण वेग दहा-अकरा हजार मीटर उंचीवर विरळ हवेत गाठते. त्या उंचीवर पोहोचण्यास साधारण वीस मिनिटे लागतात आणि तोवर ते दोनशेहून अधिक कि.मी. पुढे गेलेले असते. मुंबईहून पुण्यास निघालेले विमान त्या उंचीवर जाऊ लागले तर पुणे केव्हाच मागे पडेल. म्हणून ते फार तर चार-पाच हजार मीटरपर्यंत चढते. उतरण्याबाबत वैमानिकांचा एक ढोबळ नियम आहे : दर हजार फूट उंची गमावण्यासाठी तीन नाविक मैल अंतर हवे. पंधरा हजार फुटांवरून पुण्याच्या सुमारे दोन हजार फूट उंचीवरील धावपट्टीपर्यंत उतरायचे म्हणजे १३ गुणिले ३, अर्थात ३९ नाविक मैल. एकूण सरळ अंतर ६७ नाविक मैल. याचा अर्थ निम्मी वाट संपण्यापूर्वीच उतरण सुरू झाली पाहिजे. चढण संपते न संपते तोच उतरण लागते आणि ज्या समतल उड्डाणासाठी जेट विमानाची रचना केलेली असते ते या मार्गावर घडतच नाही. त्यातच दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ कि.मी., यापेक्षा अधिक नसावा असा दंडक पाळला जातो. या मार्गावरचा बराचसा प्रवास त्याच थरात होतो. म्हणूनच ताशी पाचशे कि.मी.च्या आसपास उडणारे एटीआर जातीचे पंख्याचे विमान येथे जेटच्या तुलनेत फारसे मागे पडत नाही, आणि इंधन मात्र पुष्कळ कमी जाळते.

दुसरी गोष्ट दिशेची. विमान वाऱ्याच्या समोरून उडते आणि उतरते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेचा वारा असताना उड्डाण समुद्राच्या दिशेने होते. पुणे आग्नेयेला, विमान निघाले जुहूच्या बाजूने अरबी समुद्रावर. तेथून वळसा घेऊन ते पूर्वेकडे येते. पुण्याची धावपट्टीही साधारण पूर्व-पश्चिम आहे. तेथेही वारा पश्चिमेचा असेल तर मुंबईकडून आलेल्या विमानाला शहर ओलांडून पूर्वेस जावे लागते आणि मागे वळून उतरावे लागते. रेल्वेप्रमाणेच विमानाचाही वळसा निर्देशांक असतो, एवढेच की तो डोळ्यांना दिसत नाही. प्रत्यक्ष उडालेले अंतर १६० कि.मी. आणि सरासरी वेग ताशी ४०० कि.मी. धरला, तर आकाशातील वेळ २४ मिनिटे येते.

वेळापत्रकात मात्र आकाशातील वेळ छापलेली नसते. तेथे असतो तो ब्लॉक टाइम : विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे काढून ते जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा काळ. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, उतरल्यावर फलाटापर्यंत येणे हे सर्व त्यात येते. मुंबईत ही रांग लहान नसते. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारतः एकच वापरता येते. अशा स्थितीत २०१८ मध्ये या विमानतळाने एका दिवसात एक हजाराहून अधिक उड्डाणे-अवतरणे हाताळली होती. शिवाय ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत आलेले विमान ‘वेळेवर’ मानले जाते. म्हणून विमान कंपन्या संभाव्य विलंबाची थोडी शिदोरी वेळापत्रकातच बांधून ठेवतात. चोवीस मिनिटांच्या उड्डाणाला पन्नास-पंचावन्न मिनिटे छापली जातात ती अशी. त्यात फसवणूक नाही. पण ‘फक्त पन्नास मिनिटांत पुणे’ ही जाहिरात वाचणाराने हे पन्नास कोठून कोठपर्यंतचे आहेत हे जाणले पाहिजे.

दारापासून दारापर्यंत

प्रवाशाच्या दृष्टीने खरी वेळ एकच : घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत. दादर ते शिवाजीनगर हा प्रवास उदाहरणादाखल घेऊ. पुढील आकडे सर्वेक्षणाचे नाहीत. नेहमीच्या दिवशी कोणत्याही प्रवाशाला पटतील अशी ती गृहीतके आहेत. विमानाने जायचे तर घर ते विमानतळ ४५ मिनिटे, नोंदणी व सुरक्षा तपासणीसाठी आधी पोहोचण्याची ७५ मिनिटे, ब्लॉक टाइम ५० मिनिटे, सामान घेऊन बाहेर पडण्यास २० मिनिटे आणि लोहगाव ते शिवाजीनगर ३० मिनिटे. बेरीज २२० मिनिटे, म्हणजे ३ तास ४० मिनिटे. रेल्वेने घर ते दादर स्थानक १५, गाडीची प्रतीक्षा २०, जलद गाडीचा प्रवास १६५ आणि उतरल्यावर १० मिनिटे. एकूण २१० मिनिटे. मोटारीने रस्ता मोकळा असेल तर तीन-साडेतीन तास. तिन्ही साधने जवळजवळ एकाच वेळी पोहोचवतात! विमानाच्या २२० मिनिटांपैकी प्रवासी आकाशात असतो ती मिनिटे चोवीस, म्हणजे जेमतेम एक नवमांश. उरलेला काळ तो रस्त्यावर, रांगेत किंवा खुर्चीत बसून काढतो. रेल्वेच्या २१० मिनिटांत तो १६५ मिनिटे एका जागी बसून वाचू शकतो, उत्तरपत्रिका तपासू शकतो किंवा झोपू शकतो. वेळेची ही प्रत मोजणे कठीण असले तरी शून्य मानणे चूक आहे.

या उदाहरणातून एक सर्वसाधारण सूत्र मांडता येते. प्रत्येक साधनाच्या प्रवासकाळाचे दोन घटक असतात : अंतर कितीही असो, बदलत नाही तो स्थिर काळ आणि अंतराच्या प्रमाणात वाढणारा चल काळ. वरील गृहीतकांनुसार विमानाचा स्थिर काळ १७० मिनिटे. त्यात जमिनीवरील सरकणे, चढण, उतरण व वळसे यांची ४० मिनिटे मिळवली की २१०. त्यापुढे ताशी ७५० कि.मी. वेगाने दर कि.मी.ला ०.०८ मिनिट. रेल्वेचा स्थिर काळ ४५ मिनिटे. दोहोंतील फरक १६५ मिनिटांचा. रेल्वेला हा १६५ मिनिटांचा आरंभीचा लाभ किती अंतरापर्यंत पुरतो, हे तिच्या सरासरी वेगावर ठरते. दोन्ही मार्गांचे अंतर समान मानले, तर ताशी ६० कि.मी. सरासरीच्या गाडीसाठी बरोबरीचे अंतर सुमारे १८० कि.मी. येते. सरासरी १०० कि.मी. झाली की ते ३१७ कि.मी.वर जाते. सरासरी २०० कि.मी. असेल तर ७५० कि.मी. बरोबरीच्या अंतराच्या आत रेल्वे सरस, बाहेर विमान सरस.

स्थिर काळाची गृहीतके बदलली की हे आकडे बदलतील. केवळ हातपिशवी घेऊन जाणारा, विमानतळाजवळ अंधेरीत राहणारा आणि पुण्यात विमाननगरला काम असणारा प्रवासी विमानाने तासभर तरी लवकर पोहोचेल. कुलाब्याहून कोथरूडला जाणारा मात्र तितकाच वेळ गमावेल. म्हणजे ‘मुंबई–पुणे’ असा प्रवास मुळात अस्तित्वातच नसतो. असतो तो या मोहल्ल्यातून त्या पेठेपर्यंतचा. शहरे पसरत जातात तसा स्थिर काळ वाढतो आणि दोन शहरांमधील अंतर एका मीटरनेही न बदलता ती परस्परांपासून लांब जातात.

इतरत्र काय घडले?

वरील गणिताला इतर देशांच्या अनुभवाचा आधार आहे. पॅरिस–ब्रुसेल्स या सुमारे तीनशे कि.मी.च्या मार्गावर जलद रेल्वे सुरू झाल्यानंतर एअर फ्रान्सने २००१ मध्ये आपली विमानसेवा थांबवली व पॅरिसच्या विमानतळावरूनच सुटणाऱ्या रेल्वेतील आसने आपल्या प्रवाशांना देण्यास सुरुवात केली. तैवानमध्ये तैपेई–काओश्युंग मार्गावर जानेवारी २००७ मध्ये अतिजलद रेल्वे आली आणि २०१२ पर्यंत त्या दोन शहरांमधील विमाने बंद झाली. तेथे कोणी बंदी घातली नव्हती. प्रवासीच उरले नाहीत. फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येईल अशा मार्गांवरील देशांतर्गत विमानसेवेवर निर्बंध आणले व ते मे २०२३ मध्ये लागू झाले. त्याचा प्रत्यक्ष परिणाम पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नान्त, लियों व बोर्दो येथे जाणाऱ्या तीन मार्गांपुरताच मर्यादित राहिला, कारण अशा मार्गांवरील वाहतूक बाजारानेच आधी कमी केली होती.

याउलट स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही अवघ्या २.७ कि.मी.ची नियमित विमानसेवा १९६७ पासून चालू आहे. वेळापत्रकातील वेळ दोन मिनिटे. ती टिकली कारण मध्ये समुद्र आहे, पूल नाही, आणि लहान विमानात चढण्यापूर्वी तासभर रांगेत उभे राहावे लागत नाही. कॉन्स्टन्स सरोवराच्या दोन तीरांवरील अल्टेनऱ्हाइन व फ्रीड्रिक्सहाफेन यांच्यात नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झालेली सुमारे २० कि.मी.ची, आठ मिनिटांची सेवा मात्र पर्यावरणवाद्यांच्या टीकेस पात्र होऊन पुढील वर्षीच संपली. पाणी दोन्हीकडे होते; एकीकडे सरोवराच्या काठाने रस्ता होता, दुसरीकडे नव्हता. भारतातील पहिले हवाई टपाल १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीस गेले. सुमारे १० कि.मी.चे अंतर, साडेसहा हजार पत्रे. त्या उड्डाणाचा हेतू प्रदर्शनाचा होता, वेळ वाचवण्याचा नव्हता.

भारत सरकारच्या २०१६ च्या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेतही हाच विवेक दिसतो. ‘उडान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत आरंभी २०० ते ८०० कि.मी. अंतराच्या मार्गांचा विचार केला होता, तर डोंगराळ व दुर्गम प्रदेश आणि बेटे यांना किमान अंतराची अट नव्हती. दोनशे कि.मी.ची ही खालची मर्यादा वर काढलेल्या १८० कि.मी.च्या किती जवळ आहे, हे लक्षणीय आहे.

विमान कोणासाठी?

मग मुंबई–पुणे विमानात बसते कोण? मुख्यतः पुढे दूर जाणारा प्रवासी. परदेशातून मुंबईत उतरून पुण्याला जाणाऱ्याला विमानतळापर्यंत जाण्याचा वेळ वेगळा द्यावा लागत नाही. तो तेथे असतोच. त्याचा स्थिर काळ कमी होतो आणि गणित फिरते. परंतु असे प्रवासी एका वेळी विमान भरण्याइतके क्वचितच असतात. त्यातच मुंबईच्या धावपट्टीवरील एक वेळ पुण्याच्या सत्तर आसनी विमानाने घेतली काय किंवा लंडनच्या तीनशे आसनी विमानाने घेतली काय, ती तेवढीच खर्च होते. या मार्गावर निरनिराळ्या कंपन्यांच्या सेवा सुरू झाल्या आणि बंद पडल्या, त्यामागे हे अर्थकारण आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला नवी मुंबई विमानतळ खाडीच्या अलीकडे, म्हणजे पुण्याच्या बाजूला आहे. पुणेकर प्रवाशाला मुंबई शहरात शिरण्याची गरज तेथे उरत नाही. त्यामुळे या दोन शहरांमधील विमानाची निकड आणखी घटण्याचीच शक्यता अधिक.

पुण्याच्या विमानतळाचा प्रश्न यापासून वेगळा ठेवला पाहिजे. लोहगाव हा १९३९ पासून मुळात लष्करी तळ; नागरी विमानांना तेथे वायुदलाच्या सोयीने वेळा मिळतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी तो दोन आठवडे बंद राहिला, तेव्हा दिल्ली-बेंगळूरूकडे जाणाऱ्या पुणेकरांना मुंबई गाठणे भाग पडले. पुरंदर तालुक्यातील नियोजित विमानतळाची गरज सांगितली जाते ती अशा दूरच्या मार्गांसाठी, आणि तिची चर्चा त्याच आधारावर व्हावी. ज्या शेतकऱ्याची अंजिराची आणि सीताफळाची बाग जाणार आहे, त्याला ‘मुंबई अर्ध्या तासावर येईल’ असे सांगितले गेले तर ते वरील हिशेबाला धरून होणार नाही.

एका बाबतीत मात्र विमानाचे पारडे जड राहते आणि ती म्हणजे घाट बंद पडण्याची. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ द्रुतगती महामार्गावर दरड कोसळून जीवितहानी झाली. २०१९ च्या पावसाळ्यात बोरघाटातील लोहमार्ग खचल्याने मुंबई–पुणे गाड्या अनेक दिवस रद्द होत्या. सरासरी वेळ आणि खात्रीची वेळ या भिन्न गोष्टी आहेत. सकाळी अकराच्या मुलाखतीला जाणारा उमेदवार सरासरीवर विसंबून निघत नाही. तो घाटासाठी दोन तास हाताशी राखून निघतो, आणि हे दोन तास कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाहीत.

ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातील एका दात्याचे हृदय मुंबईत मुलुंड येथील रुग्णालयात रोपणासाठी आणण्यात आले. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारण चार तासांच्या आत रोपावे लागते. पुण्यातील रुग्णालय ते लोहगाव आणि मुंबई विमानतळ ते मुलुंड असे दोन्हीकडचे रस्ते पोलिसांनी मोकळे ठेवले होते. मध्ये खास विमान. रुग्णालयापासून रुग्णालयापर्यंत सुमारे दीड तास लागला. नोंदणी नाही, तपासणीची रांग नाही, सामानाचा पट्टा नाही, चौकातील थांबा नाही. विमान याहून फार वेगाने उडाले नव्हते आणि अंतरही तेच, १२४ कि.मी. होते.